यात करायचं काय असतं?

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कुणी ‘हे फुकट आहे हो’ म्हटलं, की त्याचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. व्याज नाही? मग प्रोसेसिंग फी असेल. फी नाही? मग विमा गळ्यात मारला असेल. विमाही नाही? मग खाली बारीक अक्षरात काहीतरी असणारच, चष्मा आणा. जगात फुकट काही नसतं, त्याची नोंद फक्त दुसऱ्याच्या खात्यात झालेली असते. हे शहाणपण मी बी.कॉम. होऊन आणि काउंटरवर बसून कमावलेलं आहे, आणि आज ते मी स्वयंपाकघरात वापरणार आहे. कारण ‘फुकट’चा एक सख्खा भाऊ तिथे राहतो. त्याचं नाव ‘सोपं’.

माझं भांडण या ‘सोपं’शी आहे. आणि ते ज्या पदार्थावरून पेटलं, त्याचं नाव तिरामिसू. त्यातही लिंबाचं. एका रविवारच्या पुरवणीत मथळा होता: ‘न भाजता, घरच्या घरी, वीस मिनिटांत लिंबाचं तिरामिसू!’ आमच्या हिनं तो कापून फ्रिजच्या दारावर लावला, कारण त्या महिन्याची भिशी आमच्याकडे होती. मी पाणी प्यायला दर वेळी फ्रिजपाशी जायचो आणि दर वेळी तो मथळा वाचायचो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या एका ओळीत चार दावे आहेत आणि चारांपैकी एकही ऑडिटला टिकणारा नाही. असा कागद घेऊन कुणी कर्ज मागायला आला असता, तर आम्ही त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती.

ज्यांच्या घरी अजून हा पाहुणा आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तिरामिसू म्हणजे लांबट, खुसखुशीत बिस्किटं कडक कॉफीत बुडवायची, ती भांड्यात ओळीनं निजवायची, वर अंड्याचं बलक, साखर आणि मास्कारपोने नावाचं मऊ चीज एकत्र फेटून केलेलं पांघरूण घालायचं, मग पुन्हा बिस्किटं, पुन्हा पांघरूण. वरून कोकोची पूड भुरभुरायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. इटालियन भाषेत नावाचा अर्थ ‘मला वर उचल’. लिंबाच्या प्रकारात कॉफी आणि कोको दोघांनाही सुट्टी मिळते आणि त्यांच्या जागी लिंबाचा पाक आणि लिंबाची साय-साखर येते. खायला छान लागतं. हे आधीच कबूल करून ठेवतो, नाहीतर मला चव कळत नाही म्हणून माझा दावा फेटाळला जायचा.

आता पहिला दावा: ‘न भाजता.’

अहो, तिरामिसू भाजत होतं कोण? हा पदार्थ इटलीच्या उत्तरेकडच्या त्रेव्हिसो गावातल्या ‘ले बेक्केरीए’ या खानावळीत 1972 साली पहिल्यांदा मेनूवर आला, असं त्या गावाचं म्हणणं. शेजारच्या फ्रिउली प्रांताचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, आमच्याकडे त्याच्याही आधीपासून होता. 2017 साली तिथल्या केंद्र सरकारनं पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावावर चढवलं, आणि त्रेव्हिसोवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. सीमाप्रश्न काही आपल्याकडेच आहे असं समजू नये. या भांडणाच्या आधीच, 2010 साली, त्रेव्हिसोत त्याची पाककृती चक्क नोटरीकडे नोंदवून ठेवली गेली होती. बारा बलक, अर्धा किलो साखर, किलोभर मास्कारपोने, साठ बिस्किटं, कॉफी आणि कोको. पदार्थाचं नोटराइज्ड कागदपत्र हे वाचून माझं कारकुनी काळीज भरून आलं. पण मुद्दा असा, की त्या कागदात भट्टी कुठेच नाही. दोन्ही प्रांत एकमेकांचे गळे धरायला तयार आहेत, पण ‘आम्ही भाजत होतो’ असं कुणीच म्हणत नाही.

तेव्हा ‘न भाजता तिरामिसू’ म्हणजे ‘न तळता बासुंदी’ किंवा ‘बिनहाडाची भेंडी’. आणि आपल्याला ते कौतुकानं सांगावं, हे तर फारच झालं. आपल्या आज्यांच्या घरात ओव्हन होता कधी? मोदक न भाजता, श्रीखंड न भाजता, खरवस न भाजता. नानकटाई करायची तर पीठ, तूप, साखर डब्यात घालून पोराला बेकरीच्या भट्टीवर पिटाळायचे. आजीनं आयुष्यभर ओव्हनशिवाय घर चालवलं, पण तिच्या श्रीखंडावर कुणी ‘न भाजता’ असं लेबल लावलं नाही. कारण तिला आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, की ओव्हन नसणं म्हणजे काम नसणं नव्हे. रात्रभर टांगलेलं दही, पुरणयंत्रातून फिरवलेला चक्का आणि दुसऱ्या दिवशी भरून आलेला दंड, हे सगळं ‘न भाजता’च होतं.

आणि गंमत अशी, की लिंबाच्या तिरामिसूला ओव्हन लागत नसला, तरी गॅस तीन वेळा पेटतो. मास्कारपोने आमच्या कॉलनीतल्या दुकानात मिळत नाही आणि जिथे मिळतं तिथे भाव ऐकून माणूस नुसतं पनीर घेऊन घरी येतो. म्हणून ते घरी करायचं. अर्धा लिटर क्रीम पातेल्यात घालून पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवायचं, म्हणजे उकळू द्यायचं नाही आणि निवूही द्यायचं नाही. मग त्यात दोन चमचे लिंबाचा रस, पुन्हा ढवळणं, मग निववणं, मग फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवणं. हा गॅस क्रमांक एक. दुसरा गॅस लिंबाच्या बलकाच्या सायीसाठी. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, वर दुसरं भांडं, त्यात चार बलकं, वाटीभर साखर, लिंबाचा रस, सालीचा कीस. आणि ढवळायचं. चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत ढवळायचं. पंच्याहत्तर ते ऐंशी अंशांच्या मध्ये ते दाटतं, त्याच्या थोडं पुढे गेलं की त्याची अंडाभुर्जी होते. म्हणजे त्या दहा-बारा मिनिटांत दाराची बेल वाजली, फोन आला, नवऱ्यानं ‘अगं, माझा टॉवेल कुठंय?’ विचारलं, तरी हलायचं नाही. तिसरा गॅस पाकाचा. ज्या पदार्थाला तीनदा गॅस पेटतो, त्याला ‘न भाजता’ म्हणणं म्हणजे तीन हप्ते भरायला लावून ‘बिनव्याजी’ म्हणण्यासारखं आहे. शब्दशः खरं, आणि तरीही फसवणूक.

दुसरा दावा: ‘लिंबाचं.’

कुठल्या लिंबाचं? इटलीच्या दक्षिणेला अमाल्फीच्या किनाऱ्यावर जे लिंबू पिकतं, ते लांबुडकं, जाड सालीचं आणि सालीतच सगळा सुगंध ठेवणारं असतं. त्याच्या साली मद्यार्कात भिजवून तिकडे ‘लिमोन्चेल्लो’ नावाचं पेय करतात आणि तिरामिसूची बिस्किटं त्यात बुडवतात. आपलं लिंबू कागदी. नावातच सांगितलंय, की साल कागदाइतकी पातळ. किसणी एकदा जास्त फिरली, की खालचा पांढरा कडूपणा हातात. इटालियन लिंबाची साल किसणं म्हणजे सुताराचा रंधा आणि आपल्या लिंबाची साल किसणं म्हणजे सोनाराचा कानस. चार कागदी लिंबं नीट किसायची तर मान मोडते. तेव्हा इथलं तिरामिसू लिंबाचं असलं, तरी ज्या लिंबासाठी ती कृती लिहिली गेली, त्या लिंबाचं ते नाही. आणि दोन लिंबांमधला फरक कृतीत कुठेही नसतो. तो करणाऱ्या बाईच्या बोटांनी भरून काढायचा असतो.

त्या किनाऱ्यावरचीही एक हकिगत सांगण्यासारखी आहे. तिथे डोंगराच्या उभ्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या लिंबाच्या बागा आहेत. माइओरी आणि मिनोरी या दोन गावांमधल्या वाटेला आजही ‘लिंबांची वाट’ म्हणतात आणि हौशी प्रवासी तिथे फोटो काढत चालतात. पूर्वी त्या वाटांवरून बायका लिंबांच्या जड टोपल्या खांद्यावर घेऊन, शेकडो पायऱ्या उतरून किनाऱ्यापर्यंत आणायच्या. एका खेपेचं ओझं अर्ध्या क्विंटलच्या घरात. लोक त्यांना ‘फोर्मिकेल्ले’ म्हणत, म्हणजे ‘इवल्या मुंग्या’. नाव किती गोड! पन्नास किलोचं ओझं उचलणाऱ्या बाईला एकदा ‘इवली मुंगी’ म्हटलं, की मजुरीबद्दल फार बोलावं लागत नाही. जड कामाला हलकं नाव देण्याची ही युक्ती तिकडचीच आहे असं नाही. आपण त्याच कामाला ‘सोपं’ म्हणतो, एवढंच.

तिसरा दावा: ‘घरच्या घरी.’

तिरामिसूतली बिस्किटं घरी कुणी करत नाही, पुरवणीवालेही करा म्हणत नाहीत. ती विकत आणायची. त्यांना इटलीत ‘सावोयार्दी’ म्हणतात. अंड्याचा फेस, साखर आणि मैदा यांची ती बोटं कुठल्या तरी कारखान्यात भाजून, कोरडी करून पाकिटात भरलेली असतात. म्हणजे भाजणं झालंच की! फक्त ते दुसऱ्याच्या भट्टीत, दुसऱ्याच्या घामानं, दुसऱ्याच्या वीजबिलावर झालं. आम्ही याला ‘दुसऱ्याच्या पुस्तकात टाकलेला खर्च’ म्हणतो आणि असं पुस्तक समोर आलं, की ऑडिटरच्या डोळ्यांत एक विशिष्ट चमक येते. आमच्या गावात ती बिस्किटं न मिळाल्यामुळे हिनं टोस्ट वापरले. तेही भट्टीतूनच आले होते.

या बिस्किटांना इंग्रजीत ‘लेडी फिंगर’ म्हणतात. भेंडीलाही तेच म्हणतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बाईची बोटं अशी नावापुरती दोन ठिकाणी अमर झाली आहेत. हिशेबात मात्र ती कुठेच सापडत नाहीत.

आता चौथा आणि सगळ्यात निर्ढावलेला दावा: ‘वीस मिनिटांत.’

भिशीच्या आदल्या दिवशी शनिवार होता, महिन्याचा दुसरा, म्हणून मी घरी होतो. हातात काम नसलं की कारकून नोंदी करतो. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मी रकाने आखले आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. ती नोंद इथे जशीच्या तशी देतो. बाजार: पन्नास मिनिटं, कारण क्रीम एका दुकानात, टोस्ट दुसऱ्या दुकानात आणि रसरशीत लिंबं मंडईत. मास्कारपोनेसाठी क्रीम तापवणं आणि ढवळणं: पंचवीस मिनिटं, यात रात्रभराचं निथळणं धरलेलं नाही. लिंबं किसणं आणि पिळणं: पंधरा. बलकाची साय: वीस. पाक: दहा. क्रीम फेटणं आणि हलक्या हातानं सगळं एकत्र करणं: पंधरा. थर लावणं: तीस. फ्रिजमध्ये जागा करणं: दहा. भांडी: चाळीस. एकूण दोनशे पंधरा मिनिटं, म्हणजे तीन तास पस्तीस मिनिटं. पुरवणीच्या वीस मिनिटांत नुसते थरसुद्धा लागत नाहीत.

यातल्या दोन कलमांवर खुलासा करायला हवा. पहिलं, क्रीम फेटणं. बाजारात ‘फ्रेश’ म्हणून मिळणाऱ्या साध्या डब्यातल्या क्रीममध्ये साधारण पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, आणि फेटून फुगायला किमान तीस टक्के लागतो. त्यामुळे वेगळं क्रीम आणावं लागतं. ते थंडगार लागतं, भांडंही थंड लागतं आणि आपल्याकडच्या उकाड्यात दोन्ही पाहता पाहता कोमट होतात. थोडं कमी फेटलं तर वाहतं, थोडं जास्त फेटलं तर लोणी निघतं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम लोणी काढलं, तिथे आता लोणी निघू नये म्हणून श्वास रोखून उभं राहायचं!

दुसरं, फ्रिजमधली जागा. पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘सहा तास फ्रिजमध्ये ठेवा.’ कुणाच्या फ्रिजमध्ये? आमच्या फ्रिजमध्ये दह्याचं भांडं, कणकेचा गोळा, निवडलेली मेथी, इडलीचं पीठ, तीन वाट्यांत तीन दिवसांच्या तीन उसळी आणि आईची इन्सुलिनची पेटी गुण्यागोविंदानं नांदत असते. त्यात आडव्या काचेच्या भांड्याला सपाट कप्पा मोकळा करून देणं, म्हणजे गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीत आयत्या वेळी बर्थ मिळवणं. आणि पुढचे सहा तास घरातल्या प्रत्येकाला ‘दार उघडं ठेवू नका’, ‘बोट लावू नका’, ‘वास बघू नका’ असं सांगत राहणं. ही राखण कुठल्या रकान्यात घालायची, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून ती मी सस्पेन्स खात्यात ठेवली आहे.

भांडी सतरा झाली. चार अंड्यांचा पांढरा भाग उरला, तो थकबाकीसारखा वाटीत बसून राहिला आणि रविवारी सकाळी त्याचं ऑम्लेट करावं लागलं, म्हणजे अठरावं भांडं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की एका मथळ्यामागे एवढं हात धुऊन कशाला लागायचं? चार शब्द खोटे असतील, असू देत. बिचाऱ्यांना पुरवणी खपवायची असते. माझं म्हणणं असं, की हे चार शब्द फ्रिजच्या दारावर थांबत नाहीत. ते पाहुण्यांच्या तोंडात जातात.

रविवारी भिशी झाली. बारा वाट्या पाहता पाहता रिकाम्या झाल्या. एकजण म्हणाली, “वहिनी, काय सुरेख झालंय!” ही म्हणाली, “अहो, काही नाही, सोपं असतं.” लगेच दुसरी म्हणाली, “हो ना, यात करायचं काय असतं? भाजायचंसुद्धा नसतं. सगळं फ्रिजच करतो.” आणि तिसरी म्हणाली, “मग पुढच्या महिन्यात माझ्याकडे येताना हेच आण. तुला काय, वीस मिनिटांचं काम!”

पाहिलंत? ‘सोपं’ या एका शब्दानं दोन व्यवहार एकदम झाले. तीन तास पस्तीस मिनिटांचं श्रेय फ्रिजच्या नावावर जमा झालं आणि पुढच्या महिन्याची तीन तास पस्तीस मिनिटं हिच्या नावावर येणे म्हणून लिहिली गेली. कर्ज फिटल्याचा दाखला नाहीच, उलट नव्या कर्जावर सही! अवघड पदार्थ करणाऱ्या बाईला निदान वर्षभर विश्रांती मिळते. ‘अगं, अनारशांचं कुठे सांगतेस तिला, केवढा व्याप!’ असं म्हणतात. सोप्या पदार्थाला तेवढीही दयामाया मिळत नाही. जे सोपं, ते केव्हाही मागता येतं, आणि जे केव्हाही मागता येतं, त्याचे आभार मानायचे नसतात.

आणखी एक चमत्कार त्याच दिवशी घडला. शनिवारी माझ्या वाट्याला लिंबं किसण्याचं काम आलं होतं. चार लिंबं. ती किसून झाल्यावर मी पुन्हा रकान्यांपाशी जाऊन बसलो होतो. भिशीत ही सहज म्हणून गेली, “यांनी लिंबं किसून दिली हो.” झालं! “भावजींनी? स्वतः?” “नशीबवान आहेस बाई!” “आमच्याकडे एक पेला उचलून ठेवतील तर शपथ!” अर्ध्या मिनिटात ते तिरामिसू माझं झालं. माझ्या सात-आठ मिनिटांना कुणीही सोपं म्हटलं नाही. माझ्या खात्यावर चुकून लाखभर रुपये जमा झाले, तर बँक संध्याकाळच्या आत ते उलटे फिरवते. हे जमा झालेलं श्रेय उलटं फिरवायला मात्र त्या बारांपैकी एकीलाही सुचलं नाही. ते मी आज इथे जाहीरपणे परत करतो आहे.

आमच्या अभ्यासक्रमात पिगू नावाचे केंब्रिजचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक गमतीदार कोडं मांडलं. एखाद्या माणसानं आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं, तर राष्ट्राचं उत्पन्न घटतं. बाई तीच, ओटा तोच, पोळ्या तेवढ्याच. पण काल तिला पगार होता म्हणून तिचं काम उत्पन्नात धरलं जात होतं, आज ती बायको झाली म्हणून ते नाहीसं झालं. बी.कॉम.च्या वर्गात आम्ही यावर मनसोक्त हसलो होतो. त्याचा अर्थ कळायला मात्र संसार करावा लागला. शंभर वर्षं उलटली तरी देशाच्या उत्पन्नाचा हिशेब त्या बाबतीत तसाच चालतो. आपल्या सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर पाहणी केली, कोण दिवसभरात कशावर किती वेळ घालवतो याची. घरातल्या बिनपगारी कामावर बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषांचे 97. त्यातही 97 हा आकडा जे काम करतात त्या पुरुषांचा, आणि तसे पुरुष चारांत जेमतेम एक. बाकीचे तिघं बहुधा माझ्यासारखे रकाने आखत बसले असावेत.

ही 299 मिनिटं कुठल्याही ताळेबंदात येत नाहीत. का येत नाहीत, याला अर्थशास्त्रज्ञांकडे जाडजूड कारणं आहेत. आमच्या घरांत मात्र एकच कारण पुरतं: ‘यात करायचं काय असतं?’

माझे एक मेव्हणे आहेत. ते अशा वेळी नेमका उलटा मुद्दा काढतात. म्हणाले, “भावजी, तुम्ही उगीच तक्रार करता. सोप्या पाककृतींनी बायकांची सुटका केली. पूर्वी दळायचं, कांडायचं, पाट्यावर वाटायचं. आता मिक्सर आहे, फ्रिज आहे. तुम्हाला काय पुन्हा पाटा-वरवंटा आणायचाय?”

मुळीच नाही. मिक्सर चिरायू होवो. काम खरोखर कमी झालं, तर मी ढोल वाजवीन. टोस्टऐवजी बाजारचा केक आणा, मास्कारपोनेऐवजी चक्का घ्या, बलकाची साय वगळा आणि दहा मिनिटांत काहीतरी लिंबाचं गोड करा. माझा आशीर्वाद आहे. पण मग त्याला ‘चक्क्याचं लिंबू-श्रीखंड, टोस्टावर’ असं खरं नाव द्या. काम कमी करणं वेगळं आणि कामाचं नाव कमी करणं वेगळं. पहिल्यानं पाय दुखायचे थांबतात. दुसऱ्यानं पाय दुखतच राहतात, फक्त दुखतात म्हणायची सोय उरत नाही. कारण सोपं काम करून दमणारी बाई ही आळशी, नाजूक किंवा अडाणी यांपैकी एक असलीच पाहिजे, असा हिशेब होतो. मी रात्री हिला विचारलं, “दमलीस का?” तर म्हणाली, “छे, दमायला काय झालं, एवढं सोपं तर होतं.” आणि तळव्यांना तेल लावत बसली. हा शब्द दुसऱ्यांनी वापरला तर मला राग येतो. तिनंच तो स्वतःविरुद्ध वापरावा, याचं मात्र वाईट वाटतं.

आईला हे सांगितलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, “अरे, आमच्या वेळी ‘सोपं’ असा शब्द नव्हता. आम्ही ‘आज साधंच केलंय हं’ म्हणायचो.” आणि मग तिनं त्या साध्याची यादी सांगितली. डाव्या-उजव्या बाजूंसकट अठरा पदार्थ होते.

म्हणून माझी काही नम्र पण ठाम मागणी आहे. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात, कर्जाच्या कागदावर खरा व्याजदर छापावा लागतो. तसा प्रत्येक पाककृतीखाली खरा हिशेब छापलेला असावा. बाजारासकट आणि भांड्यांसकट वेळ. घासायच्या भांड्यांची संख्या. गॅस किती वेळा पेटतो. फ्रिजचे किती कप्पे लागतात. आणि कुठल्या क्षणी ओट्यापासून हलता येणार नाही, त्याची आगाऊ सूचना, म्हणजे घरातल्या पुरुषांनी आपापले टॉवेल आधी शोधून ठेवावेत. ‘वीस मिनिटांत’ लिहायचं असेल, तर लिहिणाऱ्यानं आमच्या घरी यावं. कॅलेंडरचं पान आणि पेन्सिल मी पुरवीन, भांडी त्यानं घासावीत.

आणि खाणाऱ्यांसाठी एकच नियम. जिनं केलं, तिनं ‘सोपं असतं’ म्हटलं, तर मान डोलवू नका. हा शब्द ती तुमची सोय म्हणून वापरते, तुम्हाला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून. ग्राहकानं शिष्टाचारानं ‘पावती नको’ म्हटलं, तरी आम्ही पावती देतोच, कारण पैसे घेतलेले असतात. विचारा, की रात्रभर काय निथळत होतं? साय दाटेपर्यंत किती वेळ ढवळलंस? भांडी किती झाली? एवढं विचारलंत, तर उत्तर ऐकायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील, आणि तिच्या हिशेबाच्या वहीत पहिल्यांदाच जमेच्या बाजूला काहीतरी पडेल.

‘मला वर उचल’ हे नाव त्या पदार्थाला कुणी आणि कशासाठी दिलं, यावर इटलीतले दोन प्रांत खुशाल भांडोत. तीन तास पस्तीस मिनिटं ओट्यापाशी उभं राहिलेल्या बाईनं ते उच्चारलं, की त्याचा अर्थ सांगायला नोटरी लागत नाही. तिनं हाक मारायच्या आत उठा. आपली वाटी आपण उचला. तिच्याबरोबर बाकीची अकराही उचला आणि मोरीपर्यंत न्या. आणि तिथे उभे आहातच, तर नळ सोडा. घासण्यासारखं सोपं काम दुसरं नाही म्हणतात. करून बघा, आणि मग सांगा.